काळोखाच्या ऋतूतील सण

डिसेंबरात नेदरलँड्समध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. आठ तासांहूनही तोकडा हा दिवस बहुधा ढगांआडच सरतो. मुलांकडे राहावयास गेलेल्या ज्येष्ठांना थंडीपेक्षा हा काळोखच अधिक जाचतो. झोप विस्कटते, मन उदास होते. डच लोकांचे सण नेमके याच दिवसांत येतात.

११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, अनेक गावांत मुले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत दारोदार फिरतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत सिंटरक्लास, म्हणजे संत निकोलस, स्पेनहून आगबोटीने येतो अशी समजूत आहे. त्याच्या घोड्यासाठी मुले बुटात गाजर ठेवतात. ५ डिसेंबरची संध्याकाळ भेटवस्तूंची. भेटीसोबत संताच्या नावे लिहिलेली थट्टेची कविता असते. आपल्या उखाण्याप्रमाणे, एरवी जे बोलवत नाही ते यमकाच्या आडून सहज सांगता येते.

द हेगला आमच्या घरी सासूबाई काठी घेण्यास मुळीच तयार नव्हत्या. वय चौऱ्याहत्तर, एकदा तोल गेलेला, तरी "मी काय म्हातारी झाले?" हाच प्रश्न. पडण्याच्या भीतीने त्यांनी घराबाहेर जाणेच सोडले होते. नातीने संताच्या नावाने मराठीत यमके जुळवली : मी शेकडो वर्षांचा, माझ्या हाती सोनेरी काठी, आजीलाही तशीच एक धाडतो आहे. सासूबाई मनापासून हसल्या. दुसऱ्या दिवशी काठी घराबाहेर पडली, तिच्यासवे त्याही.

मग प्रवास सुरू झाले. द हेगहून गौडा रेल्वेने साधारण वीस मिनिटांवर. डिसेंबरातील एका संध्याकाळी तेथील चौकातले दिवे मालवतात आणि पंधराव्या शतकातील नगरभवनाच्या खिडक्यांत मेणबत्त्या उजळतात. तेथील संत यान चर्च १२३ मीटर लांब आहे. त्यातील सोळाव्या शतकातील रंगीत काचचित्रे निवांत बसून पाहता येतात. चित्रकार व्हर्मीरचे डेल्फ्ट तर त्याहूनही जवळ. मात्र कालव्यांकाठची दगडी फरसबंदी ओली असता निसरडी होते. रबरी तळव्याचे बूट घालावेत, काठीच्या टोकाचे रबर झिजलेले नाही ना हे पाहावे, आणि फिरणे शक्यतो दुपारी बारा ते दोनच्या उजेडात उरकावे.

सत्तरीनंतर रोज २० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व पूरक म्हणून घ्यावे, असे तेथील आरोग्य परिषद सांगते. आपल्या डॉक्टरांना विचारूनच ते सुरू करावे.

वर्षाच्या अखेरच्या दिवशी घरोघरी ओलीबोलन खातात : आंबवलेल्या पिठाचे, बेदाणे घातलेले, तळून वर पिठीसाखर भुरभुरलेले गोळे, आपल्या गुलगुल्यांचे जणू चुलत भाऊ. मधुमेह असलेल्यांनी अर्ध्यावर समाधान मानावे. उरलेला अर्धा शेजारच्या एकट्या वृद्धाला दिला, तर सणही पुरा होतो आणि ओळखही.