नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे या दोन क्रियांत मराठी भाषेने अवघ्या एका मात्रेचे अंतर राखले आहे. पहिली क्रिया बारशाच्या दिवशी आत्याबाईंच्या मुखाने होते व घटकाभरात उरकते. दुसरी जन्मभर पुरते, आणि तिला मुहूर्तही लागत नाही. मी या दुसऱ्या विद्येत बरीच वर्षे प्रवीण होतो. ती विद्या मी ज्यांच्यावर चालविली त्या गोगलगायी होत, आणि तिचा घाव मात्र भलत्याच ठिकाणी बसला.

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या लहानपणापासून माझ्याच हाताखाली शिकली. संगमनेरच्या आमच्या जुन्या घराच्या परसात अळूचा वाफा आहे. पावसाळ्यात इतर मुले तेथील गोगलगायींवर मीठ टाकून मौज पाहत. ही मात्र मी आणून दिलेले भिंग घेऊन पानांखाली तासन्‌तास बसे. पुढे तिने प्राणिशास्त्राची पदवी घेतली, तेव्हा सर्वांस आनंद झाला. परंतु ‘मी गोगलगायी व शंख-शिंपले यांच्या वर्गीकरणाचा अभ्यास करणार’ असे तिने एके दिवशी जेवताना सांगितले, तेव्हा पंक्तीत क्षणभर शांतता पसरली. ती मीच मोडली. “म्हणजे शेतकरी ज्यांना वेचून बांधाबाहेर फेकतो, त्यांची तू बारशी करीत हिंडणार होय?” सगळी पंगत हसली. तीही हसली. मात्र त्यानंतर दोन वर्षे तिने आपल्या अभ्यासातील एक शब्दही मजजवळ काढला नाही, आणि मीही विचारला नाही. जिला पहिले भिंग मी दिले, तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलण्यास विषय उरू नये, हे मला आत कोठेतरी बोचत असे. पण वडीलकीचा मान आडवा येई.

गेल्या श्रावणात ती चार दिवस घरी आली होती. सकाळी मी पूजेस बसलो असता देवघराच्या उंबऱ्याशी येऊन बसली आणि म्हणाली, “काका, तुम्ही रोज ज्या शंखाला स्नान घालता, त्यात पूर्वी कोण राहत होते, ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हते. मुंज झाल्यापासून तो शंख मी हाताळीत आलो. त्याला गंध लावले, फूल वाहिले. पण ते कोणाचे तरी घर होते, हा विचार मनास शिवला नव्हता. तिने सांगितले की, हे समुद्रातील एका मोठ्या गोगलगायीचे कवच होय. ती वाळूतील किडे खाऊन राहते, आणि मन्नारच्या आखातातून पाणबुडे तिला पिढ्यान्‌पिढ्या काढीत आले आहेत. स्वीडनच्या लिनियसने १७६७ साली तिचे शास्त्रीय नामकरण केले. सांप्रत तिला ‘टर्बिनेला पायरम’ म्हणतात. आपण ज्याला दुर्मिळ दक्षिणावर्ती शंख म्हणतो, त्याला शास्त्रज्ञ डावा म्हणतात, कारण शंख कसा धरून पाहावा याची त्यांची रीत निराळी. शेजारचा शाळिग्राम हाही अशाच एका कवचधारी सागरी जीवाचा पाषाण झालेला ठसा. मात्र तो जीव गोगलगाईपेक्षा माकूळ माशाच्या अधिक जवळचा. “तुमच्या देवघरात माझ्या विषयाचे दोन नमुने आहेत, काका,” ती म्हणाली. तिच्या स्वरात यत्किंचितही टोचणी नव्हती, म्हणूनच मला ते अधिक लागले.

पूजा आटोपून आम्ही ओसरीवर बसलो, आणि दोन वर्षे न विचारलेले मी विचारू लागलो. नवी जाती सापडणे व नवा वंश सापडणे यांत फरक काय, हा पहिला प्रश्न. तिने आपल्याच घरातले उदाहरण दिले. घरात मूल जन्मले तर त्याला नाव द्यावयाचे, पण गोत्र ठरलेलेच असते. नवी जाती म्हणजे असे मूल. परंतु दारी असा कोणी आला की ज्याचे नाते ठाऊक असलेल्या कोणत्याच गोत्राशी जुळत नाही, तर त्याच्याकरिता नवे गोत्र मानावे लागेल. नवा वंश म्हणजे हे नवे गोत्र. सबब तो जाहीर करण्यापूर्वी जुनी सारी गोत्रे तपासून पाहणे भाग असते.

ही तपासणी केवळ कवचावरून होत नाही, कारण कवचाचे रूप फसवे असते. दूरच्या दोन गोगलगायी एकाच परिस्थितीत राहून एकसारख्या दिसू लागतात. म्हणून आतले शरीर उकलावे लागते. गोगलगाईच्या तोंडात सूक्ष्म दातांच्या ओळी असलेली एक पट्टी असते; ती काढून स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली दात पाहतात. जननेंद्रियांची रचना पाहतात, अलीकडे आनुवंशिक द्रव्यही तपासतात. मग शे-दीडशे वर्षांपूर्वीची वर्णने काढून, दूरदेशीच्या संग्रहालयांत ठेवलेल्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहतात. एवढे झाल्यावर वर्णन लिहून छापावयाचे व एक नमुना त्या नावाचा कायमचा साक्षी म्हणून संग्रहालयात ठेवावयाचा.

आणि तरीही चूक होते. ब्लॅनफर्ड हे भूगर्भशास्त्रज्ञ सह्याद्रीत हिंडत असता धबधब्यांच्या ओल्या कड्यांना चिकटलेली एक चिमुकली गोगलगाय त्यांना महत्त्वाची वाटली. तिला त्यांनी १८६३ साली ‘क्रेम्नोबेटीस’ असे वंशनाम दिले व ‘सह्याद्रेन्सिस’ हे जातिनाम. पुढे आढळले की, ते वंशनाम दोन वर्षे आधीच एका माशाला दिले गेले होते. शास्त्राचा नियम असा की, ज्याने आधी छापले त्याचे नाव; प्राणिसृष्टीत दोन वंशांना एकच नाव चालत नाही. तेव्हा १८६९ साली ‘क्रेम्नोकाँकस’, म्हणजे कड्यावरचा शंख, असे दुसरे नाव ठेवावे लागले. पण नवलाची गोष्ट पुढेच आहे. या गोगलगाईचे कुल समुद्राचे. तिचे भाऊबंद भरती-ओहोटीच्या रेषेवरील खडकांना चिकटून राहतात. त्या साऱ्या कुलात गोड्या पाण्याचा हा एकच वंश, आणि तो पश्चिम घाटाखेरीज जगात कोठेही नाही. २०१३ साली रीड, अरविंद व मध्यस्थ या तिघांनी हा वंश नव्याने तपासला, तेव्हा त्यात नऊ जाती ठरल्या. महाराष्ट्रातील तीन पूर्वीच्याच, कर्नाटकातील सहा अगदी नव्या. समुद्राचे गोत्र सांगणारे हे कुटुंब घाटमाथ्याच्या कड्यावर कसे नांदते, हा प्रश्न गोत्र ठरले म्हणूनच विचारता आला.

ही सारी ब्रिटिश अमदानीतील कथा, असे मी म्हणताच तिने २०२१ चे उदाहरण दिले. आंबोलीच्या परिसरातील एक अर्धनग्न गोगलगाय, म्हणजे जिचे कवच इतके तोकडे की शरीर आत मावू नये, नव्या वंशाची ठरली. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी यांच्या सन्मानार्थ त्या वंशाचे नाव ‘वरदिया’ ठेवले गेले.

“पण बाळ,” मी अखेर मनातले बोललो, “याचा उपयोग काय?”

ती रागावली नाही. तिने हिंदी महासागराच्या तळाची गोष्ट सांगितली. सुमारे २,४०० मीटर खोल, जेथे सूर्यप्रकाशाचा कण पोहोचत नाही, तेथे समुद्रतळाच्या भेगांतून कढत पाणी उसळते. २००१ साली तेथे एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर कौलांसारखे खवले, आणि त्या खवल्यांवर लोहगंधकाचे चिलखत! लोहाचा असा उपयोग करणारा दुसरा प्राणी ठाऊक नाही. अन्नासाठी ती तोंडावर विसंबत नाही. अंगातील एका ग्रंथीत राहणारे जंतू तिचे पोषण करतात. जगभर तिचे कौतुक झाले, पण विधिपूर्वक वर्णन होऊन ‘क्रायसोमॅलन स्क्वामिफेरम’ हे नाव मिळावयास २०१५ साल उजाडले. वंशही नवा, जातीही नवी. इकडे त्याच भेगांभोवती साचलेल्या धातूंवर राष्ट्रांची दृष्टी गेली. भारतानेही २०१६ साली हिंदी महासागरात दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा धातूंच्या शोधाचा करार केला. २०१९ साली ही गोगलगाय संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत आली. खाणकामाच्या भीतीमुळे त्या यादीत गेलेली समुद्रतळाच्या भेगांवरील ती पहिलीच जाती.

“काका, नाव नसते तर यादीत काय लिहिले असते?” ती म्हणाली. “ज्याला नाव नाही, त्याच्यावतीने अर्जसुद्धा करता येत नाही. धातू काढावे की न काढावे, ते मोठ्यांनी ठरवावे. पण तेथे कोण राहते, हे आधी कोणीतरी सांगितले पाहिजे ना?”

मजजवळ उत्तर नव्हते. माफी मागणे आमच्या पिढीस जमत नाही. मी एवढेच म्हटले की, तुझे काही काम माझ्याजोगे असेल तर सांग. ती आत गेली आणि मद्यार्काने भरलेल्या लहान लहान बाटल्यांची पेटी घेऊन आली. “तुमचे अक्षर चांगले आहे. चिठ्ठ्या लिहाल?”

तेव्हापासून मी चिठ्ठ्या लिहितो. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावयाची, कारण बहुतेक शाया मद्यार्कात विरघळतात. तीवर गाव, तालुका, जिल्हा, उंची, तारीख आणि वेचणाऱ्याचे नाव. चिठ्ठीवाचून नमुना म्हणजे पत्त्यावाचून पत्र. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. म्हणून जुन्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलाव्या काय, असे मी विचारले, तर ती म्हणाली, “मुळीच नको. वेचताना जे नाव होते तेच ठेवावयाचे. नवे नाव दुसऱ्या चिठ्ठीवर लिहून शेजारी घालावयाचे. आमच्याकडे जुनी चिठ्ठी कधी फेकत नाहीत.”

परवा अकोले तालुक्यातील एक बाटली आली. तीत भाताच्या दाण्याएवढी एक तपकिरी गोगलगाय आहे. गाव लिहिले, तारीख लिहिली, आणि नाव काय घालू म्हणून फोनवर विचारले. ती म्हणाली, “आत्ताच काही लिहू नका, काका. अजून दात पाहावयाचे आहेत.” ती ओळ मी कोरी ठेविली आहे, आणि परसातल्या अळूपाशी मीठ घेऊन जाण्यास नातवंडांना मनाई केली आहे.