जुन्या घरची डागडुजी

आमच्या शेजारीं एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर राहतात. नुकतीच ओळख झाली होती तेव्हां त्यांनीं माझा व्यवसाय विचारला. "कर्नेलचें काम करतों," मीं सांगितलें. "वा! म्हणजे लष्करांत?" ते आदरानें म्हणाले. कर्नल नव्हे, कर्नेल. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, असा खुलासा मीं केला, तेव्हां तो आदर किंचित् ओसरला. "आणि त्यांत तुम्ही नवीन काय करतां?" "नवीन कांहींच नाहीं. नव्या कर्नेलमध्यें झालेल्या दुरुस्त्या जुन्या कर्नेलमध्यें नेऊन बसवितों." यावर मात्र ते मोकळेपणें हंसले. म्हणाले, "म्हणजे कालच्या टपालावर आजचा शिक्का!"

ती कोटी मला लागली, कारण तींत थोडें सत्य होतें. लिनक्स या कार्यप्रणालीचा जन्म 1991 सालचा. हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें आरंभिलेलें तें काम आज सहस्रावधि लोक करीत आहेत, आणि साधारण नऊ-दहा आठवड्यांनीं त्या कर्नेलची नवी आवृत्ति बाहेर पडते. पण जग कांहीं नऊ आठवड्यांनीं घर बदलीत नाहीं. कारखान्यांतील यंत्रें, रुग्णालयांतील उपकरणें एकदां ज्या कर्नेलवर बसविलीं त्यावरच वर्षानुवर्षें चालत राहतात. म्हणून कांहीं निवडक आवृत्त्या दीर्घकाळ सांभाळण्याची रीत पडली. 2016 च्या जानेवारींत निघालेली 4.4 ही आवृत्ति 2022 च्या फेब्रुवारीपर्यंत सांभाळली गेली. सांभाळणें म्हणजे पुढच्या आवृत्त्यांत काढलेले दोष मागच्या आवृत्तींतूनहि काढणें. आमच्या धंद्याच्या बोलींत याला बॅकपोर्टिंग म्हणतात. माझा संबंध येतो तो विशेषेंकरून ड्रायव्हरशीं. प्रत्येक उपकरणाची बोली निराळी. कर्नेल आणि उपकरण यांच्यामध्यें बसून एकाचें म्हणणें दुसऱ्यास सांगणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर.

या कामाचे नियम कडक आहेत. जी दुरुस्ति मुख्य कर्नेलांत आधीं मान्य झालेली नाहीं ती मागें न्यावयाची नाहीं. ती शंभर ओळींहून मोठी नसावी, तिनें एकच दोष काढावा, तो दोष खरोखर कोणास तरी बाधणारा असावा, आणि मूळ दुरुस्तीचा क्रमांक तिच्या टिपणांत नमूद असावा. थोडक्यांत, स्वतःची प्रतिभा दाखविण्यास येथें मज्जाव. हे नियम प्रथम वाचले तेव्हां मला एकनाथांची आठवण झाली. शके 1506 मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरीची पाठशुद्धि केली. नकलाकारांच्या हातून जें बिघडलें होतें तें नीट केलें, आणि तींत कोणीं आपली ओंवी घालूं नये असें बजावून ठेवलें. ज्यांच्यापाशीं स्वतःची ओंवी रचण्याचें सामर्थ्य उदंड होतें त्यांनींच हें बजावावें, हें विशेष! माझ्यापाशीं तें सामर्थ्य नाहीं. पण हात आवरण्याचा धर्म मात्र तोच.

वरवर पाहतां काम सोपें. नव्यांतील बदललेल्या चार ओळी उचलावयाच्या आणि जुन्यांत त्याच जागीं ठेवावयाच्या. पण जुन्यांत ती जागाच कित्येकदां निराळी असते. कर्नेलच्या आंतले रीतिरिवाज कायम ठेवण्याचें बंधन त्याच्या कर्त्यांनीं जाणूनबुजून पत्करलेलें नाहीं. ठराविक वेळानें एखादें काम करवून घेण्यासाठीं टायमर लावावा लागतो. पूर्वीं वेळ भरली म्हणजे टायमर ड्रायव्हरला एक आंकडा आणून देई, आणि त्यावरून ड्रायव्हर आपलें उपकरण ओळखी. 2018 च्या जानेवारींत निघालेल्या 4.15 पासून ती रीत गेली. आतां टायमरच हातीं येतो, आणि त्याच्यावरून उपकरण शोधून काढावें लागतें. तेव्हां त्यानंतरची अशी दुरुस्ति 4.4 मध्यें न्यावयाची म्हणजे तिला आधीं जुनी भाषा शिकवावी लागते. मात्र असल्या चुका प्रामाणिक असतात. भाषा जुळली नाहीं कीं कंपायलर तत्काळ ओरडतो. भय बाळगावें तें त्याच्या मौनाचें.

हें मला एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यानें शिकविलें. 2018 च्या डिसेंबरांतील गोष्ट. त्या काट्यावर आम्ही दिलेला एक छोटा संगणक होता. त्याची स्मृति 256 मेगाबाइट, कर्नेल 4.4. काट्यावरचा आंकडा ज्या तारेनें संगणकांत येई तिच्या ड्रायव्हरमध्यें एक दोष होता: उपकरणानें अर्धवट उत्तर दिलें तरी तें पुरें समजून ड्रायव्हर पुढें जाई. नव्या कर्नेलमधील दुरुस्ति अवघी तीन ओळींची होती. उत्तराची लांबी मोजा. कमी भरली तर तेथूनच परत फिरा. मीं ती 4.4 मध्यें बसविली. जागा तंतोतंत जुळली, कंपायलरनें हूं कीं चूं केलें नाहीं, मेजावरची परीक्षाहि उतरली. तीन ओळींत चुकावयाचें तें काय, असें म्हणून मी चहा घ्यावयास उठलों.

आठवड्यानें मध्यरात्रीं काट्यावरच्या कारकुनाचा फोन आला. "साहेब, काटा बंद पडलाय." संगणक बंद करून पुन्हां चालू करा, असें मीं सांगितलें, काटा चालू झाला. पुढच्या आठवड्यांत पुन्हां तोच प्रकार. आणि त्या खेपेस संगणकाच्या खोलीची किल्ली ज्याच्यापाशीं होती तो माणूस पहांटेपर्यंत सांपडला नाहीं. मी सकाळीं तेथें पोंचलों तेव्हां ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांची रांग फाटकाबाहेर दूरवर गेली होती. गाडीच्या चाकाशीं घोंगडें पांघरून बसलेल्या एका म्हाताऱ्यानें मला कोणी अधिकारी समजून विचारलें, "काय ओ सायेब, ऊस वाळतोय, वजन आमचंच घटणार नव्हं?" मला उत्तर सुचलें नाहीं. तोडलेला ऊस कोणाची वाट पाहत नाहीं. त्यांतील पाणी उडतें, वजन उतरतें, आणि शेतकऱ्याच्या पदरीं पैसा पडतो तो वजनावर.

दोष सांपडावयास दोन दिवस लागले. आंकडा दाखविणारी एक जुनी पाटी त्या संगणकाला जोडलेली होती. ती केव्हांच बिघडली होती, पण तिची तार कोणीं काढली नव्हती. ती पाटी दर तीन सेकंदांनीं जागी होई, अर्धवट उत्तर देई, आणि माझ्या आज्ञेप्रमाणें ड्रायव्हर तेथूनच परत फिरे. नव्या कर्नेलमध्यें हें निर्धोक होतें. तेथें ड्रायव्हर स्मृतीचा जो तुकडा मागून घेई, तो काम फसतांच आपोआप परत जाण्याची व्यवस्था होती. 4.4 मधील त्याच ड्रायव्हरनें तो तुकडा हातउसना घेतला होता, आणि तो परत करण्याची ओळ माझ्या 'परत फिरा'च्या पलीकडे राहिली होती. प्रत्येक खेपेस एक किलोबाइट बुडाला. दर तीन सेकंदांस एक, म्हणजे दिवसास 28,800. जवळजवळ 28 मेगाबाइट. आठवडाभरांत संगणकाचें दिवाळें वाजावें हें ओघानेंच आलें. 'परत फिरा' याऐवजीं 'देणें चुकवून परत फिरा' एवढा बदल केला, आणि टिपणांत चूक माझी असें लिहिलें. त्या रात्रीं वाळलेल्या उसाचें वजन मात्र कोणत्याहि दुरुस्तीनें भरून येणारें नव्हतें.

विशेष हें कीं त्या तीन ओळींतील एक अक्षरहि चुकीचें नव्हतें. दुरुस्ति करणारा जें लिहितो तें सर्वांस दिसतें. जें गृहीत धरतो तें त्यालाहि दिसत नाहीं, कारण त्याच्या घरांत तें असतेंच. नव्यांतून जुन्यांत येतांना नेमकें तेंच बरोबर येत नाहीं. तेव्हांपासून मी दुरुस्ति आधीं वाचीत नाहीं. जुना ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतों. कोठें काय उसनें घेतलें आणि कोठें फेडलें याचा हिशेब कागदावर मांडतों. आणि मगच पाहुण्या ओळींना आंत घेतों. जुन्याविषयीं माझ्या मनांत पूर्वीं एक सूक्ष्म तुच्छता होती, ती त्या हिशेबांत विरून गेली. हें जुनें घर कोणीं तरी विचारपूर्वक बांधलेलें आहे, आणि त्यांत अजून माणसें राहत आहेत.

परवां ही हकीगत मीं पोस्टमास्तरांना सांगितली. या वेळीं ते हंसले नाहींत. थोडें थांबून म्हणाले, "आमच्याकडे नवा पोस्टमन येई, तो पत्ता जुळला कीं पत्र दारांतून टाकून मोकळा होई. मी त्याला विचारीत असें, बाबा रे, त्या घरांत आतां कोण राहतें तें पाहिलेंस का?"

हल्लीं दुरुस्ति जागच्या जागीं बसली आणि कंपायलर गप्प राहिला, म्हणजे मला पूर्वींसारखीच चहाची तलफ येते. पण मी लगेच उठत नाहीं.