तांबू

तांबूला घरी आणलं ते ह्यांनीच, आणि त्या रात्रीही ते पिऊन आले होते. बाहेर पावसाची झड लागलेली, आणि जर्किनच्या आत पोटाशी धरलेलं एवढंसं पिल्लू. "गटाराच्या कडेला कुडकुडत होतं," एवढं बोलून त्यांनी ते माझ्या ओंजळीत ठेवलं आणि बुटांसकट पलंगावर आडवे झाले. दूधवाल्याचे पैसे थकलेले, त्यात हे आणखी एक तोंड. सकाळी उजेडात पाहिलं तर तांबूस अंग, कानांची टोकं काळी, पोट जंतांनी टम्म फुगलेलं. गुरांच्या दवाखान्यातून औषध आणलं, दुधात भाकरी कुस्करून घातली. लेकीनं नाव ठेवलं आणि ती आमची झाली.

जात अस्सल गावठी. लांब पाय, शेपटीचा आकडा, नजर चौकस. कुकरची शिट्टी झाली की भुंकायची, लेक अभ्यासाला बसली की तिच्या दप्तरावर हनुवटी टेकून पडायची. भाकरीपेक्षा तिला काकडी आवडे. चिरायला घेतली की ओट्याखाली हजर.

दारू असलेल्या घरात रात्र फार लांबते. माणूस अजून आला नाही म्हणून जीव टांगणीला, आणि आल्यावर काय होईल याचीही धास्ती. मी ताट झाकून दाराशी बसायची. तांबू येऊन माझ्या पावलांवर अंग टाकायची. तिच्या ऊबदार वजनानं छातीतली धडधड हळूहळू उतरे. मला गाडी ऐकू येण्याआधी तिचे कान उभे राहत. ते प्यायलेले असले की ती आमच्या दोघांच्या मधे येऊन बसे आणि उठवली तरी उठत नसे. लेकीसमोर मी चेहरा हसरा ठेवायची, पण तांबूपाशी ते चालत नसे. पुढे वाचलं की, माणूस ताणाखाली आला की त्याच्या घामाचा आणि श्वासाचा वास बदलतो आणि कुत्र्याला तो ओळखता येतो, हे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 साली प्रयोगानं दाखवलं. मला ते आधीच पटलेलं होतं.

व्यसनी माणसाच्या बायकोचं जग आक्रसत जातं. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी हळूच विचारणार, "आता बरे आहेत ना?" त्यापेक्षा न गेलेलं बरं. माहेरी फोन करणंही मी टाळू लागले होते. पण तांबूला दोन वेळा बाहेर न्यावंच लागे. पहाटे आम्ही दोघी कराडच्या प्रीतिसंगमावर जायचो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात त्या घाटावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीच्या बाजूनं एक फेरी. तिथे लोक माझ्याशी बोलू लागले ते तांबूमुळे. "चावते का हो?" इथून सुरुवात व्हायची आणि त्यापुढे घरचं कुणी काही विचारत नसे. मला तेच हवं होतं.

तिथेच एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. त्यांच्या यजमानांनाही दारू होती. तांबूच्या मानेवरून हात फिरवत त्या एकदा म्हणाल्या, "तुमचे मिस्टर उपचाराला जातील तेव्हा जातील. तुम्ही आधी माझ्याबरोबर या." त्या मला अल-अनॉनच्या सभेला घेऊन गेल्या. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे एक संस्थापक बिल विल्सन, त्यांच्या पत्नी लोइस यांनी 1951 साली व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी हे काम उभं केलं. ह्यांची दारू मी लावलेली नाही, मला ती आवरता येणार नाही आणि बरीही करता येणार नाही, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. खिसे तपासणं, पिठाच्या डब्यात बाटल्या शोधणं हळूहळू सुटलं.

तांबू हे न शिकवता जगत होती. रात्री मधे बसून त्यांना लांब ठेवायची आणि सकाळी त्यांच्या हाताला नाक लावायची. भूक लागली की जेवायची, झोप आली की झोपायची. तिची माया त्यांच्या पिण्या-न पिण्यावर अवलंबून नव्हती आणि तिचा दिवसही नव्हता.

पुढे हे पुण्याच्या मुक्तांगणला गेले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं हे केंद्र. तिथे नवऱ्याबरोबर घरच्यांशीही बोलतात, हे मला फार मोलाचं वाटलं. ते परतले तेव्हा तांबूनं अंगणभर धावून फेर धरले. वर्षभरानं त्यांचा पाय पुन्हा घसरला, पुन्हा उपचार झाले. तेव्हापासून ते दारूशिवाय आहेत. तांबूचा पहाटेचा फेरा त्यांनी आपल्याकडे घेतला.

म्हातारपणी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. सलाईन लावताना तिचं डोकं त्यांच्या मांडीवर असे. ती गेली तेव्हा परसातल्या शेवग्यापाशी खड्डा त्यांनीच खणला.

तांबूनं कुणाची दारू सोडवली नाही. ते कुत्र्याचं काम नाही आणि त्या आशेनं कुणी पिल्लू आणू नये. तिनं मला उभं ठेवलं आणि उंबऱ्याबाहेर काढलं. तुमच्या घरात असा माणूस असेल तर दोन गोष्टी सांगते. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टरांना गाठा. आणि तो उपचाराला तयार नसला, तरी तुम्ही स्वतःसाठी मदत घ्यायला त्याच्यासाठी थांबू नका.