चाकांखालची पाचर

चाकांवरचे घर मुक्कामाला पोचले की पहिले काम चाके जखडण्याचे. इंग्लंडातल्या मोटरहोम क्लबची शनिवार-रविवारची सहल शुक्रवारी संध्याकाळी समुद्राजवळच्या एखाद्या शेतात उतरते, तेव्हा गाडीतून आधी बाहेर निघते ती पाणसळ. गवंड्याकडे असते तशीच, फक्त वीतभर. ती ओट्यावर ठेवायची, बुडबुडा कुणीकडे पळतो ते पाहायचे आणि उताराकडच्या चाकाखाली पिवळ्या प्लॅस्टिकची पाचर सरकवून गाडी तिच्यावर चढवायची. एक जण सुकाणूवर, दुसरा खाली हातवारे करत. जोडप्याचे सहलीतले पहिले भांडण बहुधा इथेच होते. हा सोस वायफळ नाही. गाडी कलली तर न्हाणीत पाणी तुंबते आणि गॅसवरचा फ्रीज रुसतो. त्याला कॉम्प्रेसर नसतो. आतले अमोनियाचे मिश्रण आचेने वर चढते आणि उताराने आपोआप खाली येते. उतारच बिघडला तर दूध नासणार.

दोन गाड्यांत सहा मीटर अंतर सोडायचे, आगीच्या भीतीने. १९६० च्या कायद्याने सवलत मिळालेल्या क्लबांना आपल्या देखरेखीखाली पाच दिवसांपर्यंत असा तळ परवान्यावाचून टाकता येतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. या विंचवाच्या पाठीवर किटली, रबरी नळी, घडीच्या खुर्च्या आणि संडासाची पेटी.

शनिवार महोत्सवाचा. सहल उन्हाळ्यातली असेल तर केंटच्या पूर्व टोकावरचे ब्रॉडस्टेअर्स गाठावे. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स या गावात पहिल्यांदा आला १८३७ मध्ये. त्या भेटीच्या शताब्दीला, १९३७ मध्ये, इथला डिकन्स महोत्सव सुरू झाला. गावकरी उंच टोप्या, बॉनेट, फुगीर झगे घालून रस्त्यात हिंडतात. समुद्रासमोरच्या घरात राहणाऱ्या मेरी पिअर्सन स्ट्राँग या बाई दारापुढून जाणाऱ्या गाढवांवर धावून जात. डिकन्सने त्यांच्यावरून ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधली बेट्सी ट्रॉटवूड रचली आणि बाईंना अवघड वाटू नये म्हणून तिचे घर डोव्हरला हलवले. ते खरे घर आता डिकन्सचे संग्रहालय आहे. त्याच्या कादंबऱ्यांतल्या साऱ्या सोशिक देवमाणसांपेक्षा ही गाढवे हाकलणारी म्हातारी जास्त खरी वाटते.

खाली व्हायकिंग बे. नाव पुराणे वाटले तरी १९४९ चे आहे; त्या वर्षी डेन्मार्कहून आलेली व्हायकिंग जहाजाची प्रतिकृती या किनाऱ्याला लागली. महोत्सवात इथे जुन्या पद्धतीचे पायघोळ पोशाख घालून समुद्रस्नानही होते. पण त्या स्नानाचे मूळ वाहन आता तिथे नाही, आणि मोटरहोमवाल्यांनी खरे तर त्यालाच नमस्कार करायला हवा. ती होती स्नानगाडी: चार चाकांवरची लाकडी खोली. किनाऱ्याकडच्या दाराने कपड्यांनिशी आत शिरायचे. घोडा गाडी पाण्यात ओढून नेई. आत अंधारात, ओलसर फळ्यांवर, धक्के खात कपडे बदलायचे आणि समुद्राकडच्या दाराने पायऱ्या उतरायच्या. खिडक्या मुद्दाम उंचावर. पाचेक किलोमीटरवरच्या मार्गेटमध्ये बेंजामिन बील या क्वेकर पंथाच्या गृहस्थाने अठराव्या शतकाच्या मध्याला तिला कॅनव्हासची छत्री जोडली. ती पाण्यापर्यंत खाली सोडली की बाई समुद्रात असून कुणाला दिसायची नाही, आणि तिलाही समुद्र छत्रीएवढाच दिसायचा. सोबत दांडगी बाई असे, तिचे काम बुडवून काढण्याचे. डिकन्सही या गाडीतून उतरत असे. १८४३ च्या एका पत्रात त्याने पाण्यातल्या स्वतःला सामन माशाच्या गुलाबी रंगाचे शिंशुक म्हटले आहे. विसाव्या शतकात स्त्री-पुरुष एकाच पाण्यात उतरू लागले आणि गाड्यांची चाके काढली गेली. काहींच्या किनाऱ्यावर कायमच्या खोल्या झाल्या.

चाकांवरचे दुसरे घर डिकन्सच्याच कागदावरचे. ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ लिहीत असताना, १८४० मध्ये, तो ब्रॉडस्टेअर्सला राहिला होता. त्या कादंबरीतली मिसेस जार्ली मेणाचे पुतळे घेऊन गावोगाव फिरते. तिच्या गाडीला पांढरे पडदे, आत जहाजातल्यासारखी झोपायची जागा, छतातून बाहेर पडणारे चुलीचे धुराडे. पहिल्यांदा दिसते तेव्हा बाई रस्त्याकडेला ढोलावर चहाचे साहित्य मांडून चहा पीत बसलेली. तळावर आजही चित्र तेच आहे, ढोलाच्या जागी घडीचे टेबल.

हौसेसाठी असे घर बांधवून घेतले ते गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त आरमारी डॉक्टरने, १८८५ मध्ये. ‘वाँडरर’ नावाची ती गाडी दोन घोडे ओढत आणि अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येते का ते पाहायला नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाई. १९०७ मध्ये कॅरॅव्हॅन क्लब निघाला. २०१७ मध्ये त्याने आपल्या नावात ‘मोटरहोम’ घातले.

रविवारी कॉफी होते, गप्पा लांबतात, पाचरी निघतात. सांडपाणी नेमल्या जागी सोडायचे, संडासाची पेटी रिती करून विसळायची. त्या पेटीपुढच्या रांगेत कुणी कुणाला पुढे जाऊ देत नाही.