मागचे दार

6 नोव्हेंबर 2021, भाऊबीज. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला सकाळी आग लागली आणि कोरोनाचे 11 रुग्ण दगावले. त्यांत वृद्ध बरेच होते. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या नवजात कक्षात 10 अर्भके गेली होती.

वाचकहो, नगरची बातमी कानी आली तेव्हा मी पेठमधील माझ्या चार खाटांच्या दवाखान्यात होतो. का कोण जाणे, उठलो आणि मागचे दार उघडायला गेलो. दारापुढे सलाईनचे खोके रचलेले. कुलपाची किल्ली कंपाउंडरच्या खिशात आणि कंपाउंडर बहिणीकडे मंचरला. आत जुलाबांनी थकलेल्या एक आजी सलाईन लावून निजल्या होत्या. त्यांना मी एकटा कोठून बाहेर काढणार होतो?

कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा अधिनियमाप्रमाणे रुग्णालयासारख्या इमारतींना आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावा लागतो. परंतु नंतर दारापुढे रचलेले खोके त्या दाखल्यात येत नाहीत.

म्हणून वडीलधाऱ्यांना दाखल कराल तेव्हा खोलीचे भाडे विचारण्याआधी बाहेर पडण्याची दुसरी वाट विचारा आणि ती स्वतः चालून पाहा. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळते का? रात्री मजल्यावर कोण असते? आगीत लिफ्ट वापरायची नाही. चालता न येणाऱ्यास जाड चादरीवर घेऊन ओढत नेता येते. खाटेजवळच्या बोर्डावर, यंत्रांच्या शेजारी, आपले मोबाइल चार्जर अडकवू नका.

प्राणवायूविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. तो स्वतः जळत नाही. पण हवेत त्याचे प्रमाण वाढले की चादर, कपडे, केस एका ठिणगीने भडकतात. आता ही यंत्रे घरोघरी आली आहेत. एका घरी काँसंट्रेटर देव्हाऱ्याला लागूनच होता आणि निरांजन तेवत होते. देव्हारा हलवा म्हणताच आजोबा संतापले. सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी यंत्र आणि आजोबांची खाट, दोन्ही पलीकडच्या खोलीत नेली.

माझ्या मागच्या दाराचे कुलूप त्याच दिवशी निघाले. आता आतून नुसती कडी असते. दर अमावास्येला ती काढून पाहतो. पावसाळ्यात फळी फुगते आणि दार अडते.