हातांतलें फळ

मलायी भाषेंत सौजन्याला 'बुदी बहासा' असें म्हणतात. हे दोन्ही शब्द आपलेच, बुद्धि आणि भाषा. परंतु समुद्र ओलांडून जातां जातां त्यांचा अर्थ इतका पालटला आहे कीं, ते पुनः आपल्या घरीं पाहुणे म्हणून आले तर त्यांना ओळखावयास थोडा वेळ लागावा. आपल्याकडे बुद्धि ही परीक्षेच्या व कज्जांच्या उपयोगी पडणारी वस्तु आहे. तिकडे ती दुसऱ्यावर केलेल्या उपकारांत दिसते. 'हुतांग बुदी' म्हणजे उपकाराचें ऋण. स्वामी तिकडे 'सुआमी' होऊन नुसता नवरा झाला आहे, छाया 'चहाया' होऊन चक्क प्रकाश झाली आहे, आणि सहोदर 'सउदारा' होऊन वाटेल त्या बंधुजनाला पुरूं लागला आहे. भाषाशास्त्राच्या पुस्तकांत अशा शब्दांच्या याद्या असतात व त्या वाचून पूर्वजांचा अभिमान बाळगण्याची आपणां सुशिक्षितांना संवय आहे. मलेशियाच्या खेड्यांतून मोटारीनें हिंडूं लागलें म्हणजे तो अभिमान फार वेळ टिकत नाहीं. शब्द आपले असले तरी त्यांचा व्यवहार त्या लोकांचा आहे.

तेथें मोटार चालविणें आपल्या माणसाला अवघड नाहीं. राज्यकर्ता इंग्रज दोन्हीकडे एकच होता, म्हणून रस्त्याची डावी बाजूही दोन्हीकडे एकच राहिली. क्वालालंपुराहून बेंतोंग, राउब, कुवाला लिपिस, गुआ मुसांग असें करीत जो रस्ता उत्तरेस कोता बारूला जातो, तो द्वीपकल्पाच्या अगदीं पोटांतून जातो. मी व माझी पत्नी, आम्हीं तोच धरला. कोठें पामतेलाच्या ताडांचे मळे, कोठें रबराची जुनी राई, आणि मधूनच एकाएकीं उभा राहणारा चुनखडीचा कडा. गुआ मुसांग म्हणजे उदमांजराची गुहा, कोता बारू म्हणजे नवा कोट. वाटेवरच्या पाट्या वाचतांना माणूस परदेशांत आहे कीं एखाद्या विसरलेल्या आजोळीं आहे, याचा त्याला संभ्रम पडतो.

पूर्व किनाऱ्याचा ईशान्य मोसमी पाऊस नोव्हेंबरांत सुरू होतो. आम्ही गेलों तेव्हां तो नुकताच लागला होता. कुवाला क्राईच्या अलीकडे एका सखल जागीं रस्ता पाण्याखालीं गेला आणि पांचसहा मोटारी निमूटपणें एकामागें एक उभ्या राहिल्या. काळोख पडूं लागला होता. इतक्यांत मोटारसायकलवरून एक वृद्ध गृहस्थ आले, खिडकीपाशीं वांकले आणि त्यांनीं विचारलें, "सुदाह मकान?" म्हणजे, जेवलांत का?

हा तिकडचा क्षेमकुशलाचा प्रश्न. आपल्याकडेही 'काय, झालें का जेवण?' असें दुपारीं एक वाजल्यावर विचारतात. उत्तर 'हो' असेंच यावें, अशी विचारणाराची अपेक्षा असते. त्या गृहस्थांनीं मात्र उत्तराची वाट पाहिली. आम्ही दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें, तेवढ्यावरूनच त्यांना काय समजावयाचें तें समजलें. आंगठ्यानें त्यांनीं एका आडवाटेकडे खूण केली (तर्जनी रोखणें तिकडे असभ्यपणाचें मानतात) आणि मोटारसायकल पुढें घातली.

घर लांकडाचें, खांबांवर उचललेलें. जिन्याशीं पाय धुवावे, पादत्राणें खालीं सोडावीं आणि मग ओसरीवर जावें. वृद्ध पुरुषाला 'पाक चिक', म्हणजे काका, आणि त्याच्या बायकोला 'माक चिक', म्हणजे काकू किंवा मावशी, असें म्हणावयाचें. अपरिचिताला पहिल्याच वाक्यांत नात्यांत ओढण्याची ही रीत कोंकणांतल्या वा देशावरच्या माणसाला शिकवावी लागत नाहीं. काकांना चार इंग्रजी शब्द येत होते, मला दहा मलायी शब्द येत होते. उरलेलें संभाषण त्यांच्या शाळेंत जाणाऱ्या नातीनें चालविलें.

अडचण पुढें होती. आम्ही मांस-मासे खात नाहीं. केलांतानांत अन्नाला चव आणतें तें 'बुदू', मासळी मिठांत मुरवून काढलेला रस; आणि जेथें बुदू नाहीं तेथें वाळलेल्या कोळंबीचें 'बलाचान' असतें. पाहुण्यानें अन्न नाकारणें ही कोठल्याही देशांत लहान गोष्ट नव्हे. नातीनें आमचें म्हणणें आजीला सांगितलें. आजीनें माझ्या पत्नीकडे करुणेनें पाहून एकच शब्द उच्चारला, "साकित?" आजारी आहांत का?

आजार नाहीं, असें पटल्यावर ती आंत गेली. अर्ध्या तासानें ताटें आलीं. त्यांत भात होता, आणि तो निळा होता! आपण देवाला वाहतों त्या गोकर्णाच्या फुलांचा रस घालून तिकडे भात शिजवितात. त्याच्या भोंवतीं कच्च्या पालेभाज्या चिरून ठेवलेल्या. त्यांत आपली मंडूकपर्णीही होती. वर भाजून कुटलेलें खोबरें. बुदूची वाटी आमच्यापासून हातभर दूर, काकांच्या ताटाशीं. आपल्या घरीं एखाद्या उपवासाच्या पाहुण्यासाठीं जशी निराळी मांडणी करतात, तशीच ती होती; आणि उपवासाला तिकडे 'पुआसा' म्हणतात, हें मला तेव्हां आठवलें. रमजानच्या रोजालाही त्यांचा शब्द तोच आहे.

रात्रीं पाऊस थांबेना. पुढच्या गांवीं खोली मिळेल का, असें मीं विचारलें, त्याचें भाषांतर करण्याचेंच नातीनें नाकारलें. आम्ही 'मुसाफिर' आहोंत, एवढें काकांना पुरेसें होतें. हा शब्द त्यांच्याकडेही अरबींतून आला आहे. असेच दोघांकडे फारसींतून आलेले शब्दही आहेत. गांवजेवणाला ते 'कंदुरी' म्हणतात. आपल्या खेड्यांत पिराला बोकड देऊन जें जेवण घालतात, त्याचें नांव हेंच. फरक इतकाच कीं, त्यांच्या कंदुरीला जन्म, मरण, लग्न, नवें घर यांपैकीं कोणतेंही निमित्त चालतें.

अशा प्रसंगीं मध्यमवर्गीय माणसाचें मन स्वस्थ राहत नाहीं. आपण सारें आयुष्य पैसे देऊन वस्तु घेतों आणि पावती जपून ठेवतों. फुकट मिळालेलें अन्न गळ्याखालीं उतरतें, पण मनाखालीं उतरत नाहीं. सकाळीं मीं नातीकडून विचारविलें कीं, काकांना कांहीं देऊं का. ती मुलगी लाजली व तिनें तो प्रश्न आजोबांपर्यंत पोंचविला कीं नाहीं, याची मला शंका आहे. पण त्यांनीं आपण होऊन जें सांगितलें तें उत्तरच होतें.

२०१४ च्या डिसेंबरांत केलांतान नदीला जो पूर आला, त्याला तिकडे 'बाह कुनिंग', म्हणजे पिवळा पूर, म्हणतात. चिखलानें पाणी पिवळें झालें होतें. त्या एका पावसांत देशांतील दोन लाखांहून अधिक लोकांना घरें सोडावीं लागलीं, आणि कुवाला क्राईचा मुलूख सर्वांत जास्त पोळला. काकांचें पूर्वींचें घर खांबांसकट वाहून गेलें. मंडळी शाळेंत जाऊन राहिलीं. तेथें जेवण कोणीं रांधलें, कपडे कोणीं पाठविले, चिखल काढावयास कोण कोण आले, हें सांगतांना काका बोटें मोजूं लागले आणि मध्येंच थांबले. नांवें त्यांना कधींच कळलीं नव्हतीं. ज्यांचीं नांवें ठाऊक नाहींत, त्यांना परत काय आणि कसें करावयाचें? "म्हणून जो येईल त्याला", एवढें नातीनें इंग्रजींत सांगितलें आणि ती शाळेच्या तयारीला लागली.

प्रवासवर्णनांतून 'भोळ्या, साध्या खेडुतांचें आतिथ्य' असें एक वाक्य हटकून येतें. तें मला नेहमींच खटकत आलें आहे. त्या घरांत भोळें असें कोणीच नव्हतें. काका स्वतः परकीय अन्नावर जगले होते व तें विसरण्यास ते तयार नव्हते. शिवाय त्यांचे दोन्ही मुलगे क्वालालंपुरास असतात. पांच खोल्यांचें घर आणि माणसें तीन. ओसरीवर कोणी तरी बसावें, ही गरज पाहुण्याइतकीच यजमानाचीही असते.

निघतांना केळीच्या पानांत बांधलेली शिदोरी हातीं आली. शिदोरीला तिकडे 'बेकल' म्हणतात. आणि पाहुण्यानें जातांना जी वस्तु घेऊन जावयाची, तिला शब्द आहे 'बुआह तांगान', हातांतलें फळ. रिकाम्या हातानें कोणाकडे जाऊं नये, हें आपल्या आईनें आपल्याला शिकविलें, तेंच त्यांच्या आयांनीं. हा शब्द समजल्यावर माझ्या मनाची तगमग पुष्कळ कमी झाली. किंमत चुकविण्याचा मार्ग बंद होता; फळ नेण्याचा मार्ग उघडा होता. त्या दिवसापासून मोटारींत संत्र्यांची एक पिशवी कायम राहिली.

या सौजन्यालाही कुंपणें आहेत, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. मलायी माणूस चिनी स्वयंपाकघरांत सहसा जेवणार नाहीं, कारण तेथें डुकराचें मांस शिजतें. चिनी दुकानदार आपल्यापरी आतिथ्यशील आहे. गुआ मुसांगला एकानें छत्री देऊं केली व पैसे घेतले नाहींत. पण या दोघांची घरोघर जाऊन जेवण्याइतकी दाटी क्वचित्. सर्वांना एका मेजावर बसविण्याचें काम तिकडे तमिळ मुसलमानाच्या उपाहारगृहानें पत्करलें आहे. त्याला 'मामक' म्हणतात. मूळ शब्द तमिळ 'मामा'. देशाचें ऐक्य चहाच्या पेल्यावर टिकवून धरणारा हा मामा मला तेथल्या अनेक मंत्र्यांपेक्षां कामाचा वाटला.

उत्तरेकडून पश्चिम किनाऱ्यास जाण्यासाठीं जेलीहून गरिकला जाणारा पूर्वपश्चिम रस्ता आहे. १९८२ मध्यें तो खुला झाला. घनदाट रानांतून जातो आणि हत्ती आडवे येतील, अशा पाट्या जागोजाग आहेत. हत्ती दिसले नाहींत. त्यांची ताजी लीद मात्र दिसली, व तेवढ्यावर आम्हीं समाधान मानलें.

रान संपून पेराकचा मुलूख लागला. सुंगाई सिपुतच्या पुढें एका मळ्याशीं पाणी मागण्यासाठीं थांबलों. मळेवाल्यांनीं गेल्या शतकांत मजुरांसाठीं बांधलेल्या चाळींपैकीं एक अजून उभी होती. मजूर बहुतेक तमिळ मुलखांतून आणलेले. रबर जाऊन आतां तेथें ताड आले आहेत. दारांत एक म्हातारी बसली होती. माझी पत्नी लहानपणीं चेन्नईस वाढली, तिचें तमिळ येथें उपयोगी पडलें. म्हातारीनें पहिला प्रश्न केला, "कोणतें गांव?" पुणें हें नांव तिनें ऐकलें नव्हतें. तिचा स्वतःचा जन्म याच चाळींतला. आजीचें गांव सेलमकडे कोठें तरी होतें, एवढेंच तिला माहीत. पाण्याच्या आधीं स्टीलच्या पेल्यांतून चहा आला.

तिच्या नवऱ्यानें चाळीस वर्षें पहाटे उठून झाडांना खांचा घातल्या. त्याला मरेपर्यंत तांबडें ओळखपत्र होतें. नागरिकाचें निळें मिळालें नाहीं. जन्माचा दाखला नव्हता, हें कारण. ती हें तक्रारीच्या सुरांत सांगत नव्हती. रस्ता कोठें वळतो तें सांगावें, तसें सांगत होती. ही चाळही पाडावयाची आहे, असें तिनें मध्येंच सांगितलें, आणि चहांत साखर कमी नाहीं ना, तें विचारलें. जिला स्वतःच्या दाराचा भरंवसा नाहीं, तिनें दारांतून हांक मारून बोलवावें, याचा अर्थ मला अद्याप नीटसा लावतां आलेला नाहीं.

संत्र्यांची पिशवी आम्हीं तिच्यापुढें ठेवली. ती 'नको' म्हणाली नाहीं. दोन संत्रीं तिनें मुरुगनच्या तसबिरीपुढें ठेवलीं, दोन शेजारच्या मुलाच्या हातावर दिलीं, आणि उरलेलीं त्याच पिशवींत घालून, वर लिंबाच्या लोणच्याची एक बाटली ठेवून, ती मोटारीपर्यंत चालत आली. क्वालालंपूर अजून लांब आहे, असें तिचें म्हणणें होतें.