आधी सोड, मग ये

विसरवाडीत आणि भोवतालच्या पाड्यांवर ख्रिस्ती होणं म्हणजे काहीतरी सोडणं. दारू सोडणं, भगताकडे जाणं सोडणं, बायकोवर हात उगारणं सोडणं. रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस बहुधा याच क्रमानं बोलतो: आधी मी असा होतो, प्रभूनं मला धरलं, आता मी तसा राहिलो नाही. बोलताना चेनचं कव्हर असलेलं बायबल त्यानं छातीशी धरलेलं असतं आणि दारूचा उल्लेख आला की बायकांच्या बाजूनं ‘हालेलुया’ जरा मोठ्यानं येतं. मी याच मंडळीत वाढलो आणि या साक्षींना कमी लेखायचं मला काहीच कारण नाही. मोहाच्या दारूनं मोडायला आलेली घरं या सोडण्यामुळे सावरली, हे नवापूर तालुक्यात कुणीही सांगेल. मात्र याच साच्यानं तारणाचा एक हिशोब आमच्या डोक्यात पक्का बसवला. सोडलंस तर तारला गेलास. समलिंगी माणूस समोर आला की हा हिशोब अडतो, कारण त्याच्या हातात टाकून देण्यासारखी बाटली नसते. मग मंडळी चिडते, आणि न सुटणाऱ्या गणिताचा राग त्या माणसावर काढते.

माझं म्हणणं असं आहे की हा हिशोबच आमच्या शिकवणीच्या उलट आहे. आम्ही प्रॉटेस्टंट वळणाचे लोक. तारण कृपेनं मिळतं, कर्मांनी नाही, हे रोमकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांतून आम्ही बायबल क्लासच्या पोरांकडून घोकून घेतो. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय पाहा. येशू आधी त्याच्या घरी उतरायचं ठरवतो. लुबाडलेल्याची चौपट परतफेड जक्कय त्यानंतर कबूल करतो. आधी परतफेड, मग पाहुणचार, अशी अट कुठेही नाही. पंडिता रमाबाईंनी 1907 साली आपली साक्ष छापली, तिच्यातही हाच क्रम आहे. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण पुढं काही वर्षांनी त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडायचा राहिला आहे. त्यांचं मन आधी वळलं ते फुलहॅमला, समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना तिथल्या सिस्टर्स कशा वागवतात हे पाहून, आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकून. ख्रिस्तानं तारण कुठल्या एका जातीसाठी किंवा एका लिंगासाठी राखून ठेवलेलं नाही, असं त्या स्पष्ट लिहून गेल्या. रमाबाई समलिंगी लोकांबद्दल बोलत नव्हत्या हे मलाही कळतं. पण ‘तुझ्यासारख्यांना मोक्ष नाही’ हे शास्त्रांत वाचलेली ती बाई होती, आणि तारणाच्या दारात पात्रता विचारली जात नाही यातच तिला आनंदाची बातमी दिसली.

यावर पहिलं उत्तर येतं ते वचनांचं, आणि ते टाळण्यात अर्थ नाही. लेवीयमधली दोन वचनं, रोमकरांसच्या पहिल्या अध्यायाचा शेवट, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय, तीमथ्याच्या पहिल्या पत्रातली यादी: ही वचनं कठोर आहेत. ती तशी नाहीतच, असं सांगणारे काही अभ्यासक आहेत. त्यांचं सगळंच मला पटत नाही. पण वचन वाचायचं तर पुढंमागंही वाचावं. सदोमचा दोष यहेज्केलच्या सोळाव्या अध्यायात नावानिशी सांगितला आहे: गर्व, भरल्या पोटाची सुस्ती, आणि गरिबाला हात न देणं. पुढच्याच वचनात अमंगळ कृत्यांचाही उल्लेख आहे, तो लपवण्याचं कारण नाही; पण आमच्या प्रवचनांत फक्त तोच उरतो. रोमकरांसच्या पहिल्या अध्यायात पौल यादी देतो आणि दुसरा अध्याय उघडताच, दुसऱ्याला दोष देणाऱ्या वाचकाचीच गचांडी धरतो. करिंथकरांसच्या त्या यादीत लोभी आहेत, दारुडे आहेत, चहाडखोर आणि लुबाडणारेही आहेत. शिवाय तो अध्याय सुरू होतो विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना कोर्टात खेचण्यावरून. मिशनच्या जमिनींवरून चाललेले दावे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला नवे नाहीत. त्या तारखांना जाणाऱ्या कुणाला प्रभुभोजनाचा प्याला नाकारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. व्याजानं पैसे देणारा पुढच्या खुर्चीत बसतो. एकाच यादीतलं एक पाप दाराबाहेर आणि बाकीची कमिटीवर, याला वचननिष्ठा म्हणायला मी तयार नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. कृपा मान्य, पण पश्चात्तापाचं फळ नको का? दारुडा दारू सोडतो, मग यानं का सोडू नये? इथं दोन गोष्टींची गल्लत होते. दारू पिणं ही कृती आहे. कुणाबद्दल ओढ वाटते, ही कृती नव्हे. एवढा भेद तर या बाबतीत बरंच कडक असलेलं कॅथलिक चर्चही करतं: कृती चुकीची मानतं, पण त्या माणसाला आदरानं वागवा आणि अन्याय्य भेदभाव टाळा, असं आपल्या धर्मशिक्षणात लिहितं. 2013 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं कलम 377 पुन्हा लागू केलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी समलैंगिकतेला गुन्हा ठरवण्याला विरोधच केला होता. आमच्याकडे मात्र ओढ हीच दुरात्मा समजून उपवास-प्रार्थना मांडली जाते. त्यानं काय होतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा विश्वासणाऱ्यांनीच दिला आहे. 1976 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ या संस्थेनं जवळजवळ चार दशकं प्रार्थनेनं आणि समुपदेशनानं समलिंगी माणसं बदलण्याचा प्रयत्न केला. तिचे प्रमुख अ‍ॅलन चेंबर्स यांनी बहुतेकांची ओढ बदललीच नाही असं कबूल केलं, 2013 मध्ये माफी मागितली आणि संस्था बंद झाली. मद्रास हायकोर्टानं 2021 मध्ये असे ‘उपचार’ थांबवायला सांगितलं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ते डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

बरं, ओढ राहू दे, जन्मभर एकटा राहा, असंही सांगितलं जातं. कुणी स्वतःहून तसं ठरवलं तर त्याचा मान राखावा. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल एकटं राहण्याला दान म्हणतो, आणि दान वरून लादता येत नाही. ज्या परंपरेचा मूळपुरुष मार्टिन ल्यूथर मठ सोडून 1525 साली लग्न करतो, जिथं अविवाहित पाळकाकडे लोक संशयानं बघतात, तिथं ब्रह्मचर्याचा हा उपदेश जरा विनोदी वाटतो. प्रत्यक्षात तो उपाय कुणी करतही नाही. उपाय केला जातो तो लग्नाचा. मुलाकडचे देज (वधूमूल्य) ठरवतात, मांडव पडतो, पाळक आशीर्वाद देतात, आणि सगळं ठीक होईल या भरवशावर एका मुलीचं आयुष्य पणाला लागतं. तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. पापाचाच हिशोब मांडायचा तर तो इथून का सुरू करू नये, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

हे सगळं शहरातलं, परदेशातलं फॅड आहे, हा तिसरा आक्षेप. कलम 377 परदेशी होतं, ते 1860 साली इंग्रजांनी दंडसंहितेत घातलं. 2009 मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्याची धार काढली, तेव्हा अपिलात जाणाऱ्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स होते. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालानं प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम अखेर निकामी झालं. पण मला खटकतं ते वेगळंच. परदेशी धर्माचे म्हणून रोज हिणवले जाणारे लोक आम्ही. गावित, वसावे, वळवी, कोकणी ही आडनावं लावून, घरात मावची बोलून, भातशेती करूनही ‘तुम्ही आता आदिवासी राहिला नाहीत, अनुसूचित जमातींच्या यादीतून नाव काढा’ हे आम्हाला ऐकवलं जातं. तू तुझ्याच माणसांत परका आहेस, हे ऐकणं काय असतं ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तेच वाक्य आम्ही आमच्याच एखाद्या पोराला ऐकवतो आणि वर ते सुरतेच्या हवेचं खूळ म्हणतो.

बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या कडक नियमानं मंडळीबाहेर ठेवलेल्या षंढाला यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात नाव मिळतं, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्प तशाच एका हबशी माणसाला रस्त्याकडेच्या पाण्यात बाप्तिस्मा देतो. त्याच पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमची सभा परराष्ट्रीयांना सुंतेशिवाय घेते. व्यभिचारापासून दूर राहा असं तीच सभा सांगते, हे पाळक लगेच दाखवून देतील, आणि त्यांचं बरोबर आहे; पण ते सांगितलं आहे आत घेतलेल्या माणसांना. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या सोबतीला चर्चनं आशीर्वाद द्यावा का, यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. सुप्रीम कोर्टानंही ऑक्टोबर 2023 मध्ये विवाहाचा हक्क मान्य केला नाही. आमच्या तालुक्यातला प्रश्न त्याच्या बराच अलीकडचा आहे: नाव उघड झालेल्या पोराला गायनमंडळातून काढायचं का, त्याच्या बहिणीची सोयरीक मोडायची का, त्याच्या बापाला वडीलमंडळाचा राजीनामा मागायचा का.